आधी डबा, मग पाणी

कुंदा भोईर यांना ‘झालं का?’ असं विचारलेलं चालत नसे. एकदा विचारलं तर त्या हसत. दुसऱ्यांदा विचारलं तर चष्मा काढून टेबलावर ठेवत. तिसऱ्यांदा विचारणारा ठाण्यात मी एकटाच निघालो, आणि तेही त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी.

आमची कंपनी लहान होती. वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्याच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या. इमारतींचे पंप, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या आपोआप चालवणारी यंत्रं आणि त्यांच्यातले प्रोग्राम आम्ही बनवायचो. मी वयानं सगळ्यांत मोठा, नौपाड्याचा, डबल घडीचा रुमाल वापरणारा लिमये. त्या दिवशी मी नव्या बाईंना एक छोटं काम दिलं आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहू लागलो. तिसऱ्या खेपेला त्या उठल्या. पिशवीतून बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा काढला. त्यात खडे होते. तो त्यांनी टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

“सर, हा डबा पडला की काम झालं. तोवर तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते.”

“अहो, पण मला कळणार कसं?”

“कळंल,” त्या म्हणाल्या. “खाली छापखान्यात पन कळंल.”

पावणेपाचला डबा पडला. साहेब केबिनमधून बाहेर आले ते शर्टावर चहा घेऊनच. खालून छापखान्याचा माणूस वर धावला. काम चोख झालं होतं. साहेबांनी शर्ट पुसत विचारलं, “हे रोज होणार का?” त्यावर कुंदाबाई गंभीरपणे म्हणाल्या, “काम दिलंत तर होनार.”

आता हसतो आहे तोवरच सांगून टाकतो. गेली तेरा वर्षं या बाईंच्या नावावर एक चूक आहे. बाळकुमात, आमच्या जुन्या ऑफिसात आणि डोंबिवलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती चूक सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. मी त्र्याहत्तर वर्षांचा झालो, आता लपवून काय करू? पण कुंदाबाई कोण होत्या ते कळल्याशिवाय मी काय केलं हे कळणार नाही, म्हणून जरा दमानं सांगतो.

त्या बाळकुमच्या आगरी. वडील मिठागरावर. आज तिथे वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत, पण त्यांच्या लहानपणी तिथपर्यंत खाडीचं पाणी यायचं. भरतीचं पाणी हवं तेवढंच आत घ्यायचं आणि फळी लावून अडवायचं, हे वडिलांचं काम. आता माणूस बांधावर बसून पाणी कधी चढतं ते किती वेळ बघत राहणार? त्याला दुसरीही कामं असतात. म्हणून वडिलांनी बांधाच्या खांबावर खाली-वर दोन खिळे ठोकले होते. खालच्या खिळ्याला खडे भरलेला डबा टांगायचा; तो पडला की पाणी आणखी चढेल म्हणून वरच्या खिळ्याला. पाणी चढलं की तरंगणारा लाकडाचा ओंडका वर यायचा आणि डब्याला खिळ्यावरून ढकलून द्यायचा. खणकन आवाज! वडील आगराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी धावत यायचे.

“पन डबा एकदाच पडतो, सर,” हे सांगताना कुंदाबाई एक बोट वर करायच्या. “पडलेला डबा आपल्या पायानं वर चढत नाय. तो आपन टांगायचा. आणि कवा टांगायचा?”

पाण्याचं बघून झाल्यावर, असं मी म्हणालो होतो. कोणीही म्हणेल.

“तेच बाबांनी केलं एकदा! पाण्याचं बघत बसले, म्हणाले मंग टांगू डबा. तेवढ्यात पानी परत चढलं. डबा तर खाली पडलेला. आता वाजनार कोन? पिकलेलं मीठ सगळं खाडीत गेलं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच कायदा. आदी डबा टांग, मंग पानी बग.”

आमच्या कामात नेमकी हीच गोष्ट होती, आणि ती मला चाळीस पानांच्या इंग्रजी कागदांतून कळली नव्हती. आमच्या यंत्रात दोन प्रोग्राम असायचे. एक टाकीवर नजर ठेवणारा, दुसरा पंप चालवणारा. पहिला दुसऱ्याला निरोप पाठवायचा: अर्धी भरली, पाऊण भरली, भरली. हे निरोप एका रांगेत जाऊन बसत. दुसऱ्यानं सारखं रांगेत डोकावून ‘आलं का, आलं का’ करत बसायचं नसेल, तर यंत्रणेला सांगून ठेवता येतं की रिकाम्या रांगेत पहिला निरोप आला की मला हाक मार. पण ती हाक एकदाच मिळते. पुन्हा हवी असेल तर पुन्हा सांगून ठेवावं लागतं. आणि रांग रिकामी असताना निरोप आला तरच हाक मिळते. रांगेत आधीच कोणी बसलेलं असेल, तर नंतर कितीही आले तरी यंत्रणा गप्प.

कुंदाबाईंनी हा कागद वाचला आणि टेबलावर थाप मारली. “जल्ला मेला! यो तर बाबांचा डबा!”

त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की घरी जाताना रिक्षावाल्यालाही त्यांनी हे समजावून सांगितलं. त्याला ते कळलं. मला मात्र डोशापर्यंत थांबावं लागलं.

डोशाची गोष्ट अशी. नौपाड्यात स्टेशनजवळ एक उडप्याचं हॉटेल होतं, तिथे नंबर पुकारून डोसा द्यायचे. आम्ही दोघं जेवायला गेलो. मी सवयीनं उठून काउंटरवर गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. कुंदाबाई डोळे मिटून शांत बसल्या होत्या.

“सर, सहा वेळा झालं,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

“अहो, बघायला नको?”

“ते ओरडनार हायेत ना नंबर? मंग तुम्ही कशाला पाय झिजवता?”

सातव्यांदा मी उठलो, रांग चुकली म्हणून चहाच्या काउंटरपाशी उभा राहिलो, आणि तेवढ्यात नंबर पुकारला गेला. परत आलो तर कुंदाबाईंसमोर दोन डोसे होते आणि त्यातला एक अर्धा संपलेला होता. “तुमचा थंड होत होता,” त्यांनी खुलासा केला. बिलाच्या कागदामागे त्यांनी मला चित्र काढून दाखवलं: खांब, दोन खिळे, ओंडका आणि डबा. चटणीचा एक डाग म्हणजे पाणी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो, पुढे तीस वर्षं यंत्रांत घालवली, पण मला या विषयातलं जे काही खरोखर कळलं ते त्या चटणीच्या डागामुळे.

त्यांचं लग्नसुद्धा न विचारण्याच्या याच कायद्यानं झालं. तीन स्थळं आली होती. दोघांच्या घरून दर आठवड्याला फोन, ‘ठरलं का?’ तिसरे वसंतराव. त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, म्हणाले, “विचार झाला की फोन कर,” या म्हणाल्या, “करीन,” आणि ते गेले. चार महिने एक फोन नाही. कुंदाबाई सांगायच्या, “चार महिन्यांनी मीच लावला. म्हटलं, अरे, जिवंत हायस ना? तर हा म्हणतो, ‘तू हाक मारीन बोललीस, मंग मी कशाला इचारू?’ त्याच दिवशी हो म्हटलं.” वसंतरावांना मी ऑफिसच्या सत्यनारायणाला भेटलो, तेव्हा त्यांना विचारलं, खरंच चार महिने धीर निघाला? ते हळूच म्हणाले, “कसला धीर! रोज त्यांच्या गल्लीतून दोनदा जायचो. पण विचारलं नाही.”

आता माझ्याकडे येऊ.

बाळकुममध्येच एका मोठ्या गृहसंकुलाचं काम आम्हाला मिळालं. सगळ्या टाक्या, सगळे पंप. कुंदाबाईंच्या गावातलं काम. ज्या जमिनीवर संकुल उभं होतं तिथून त्यांच्या वडिलांचा बांध दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर होता. त्यांनी सहा महिने राबून प्रोग्राम लिहिला. साहेब म्हणाले होते, हे काम पार पडलं की या विभागाच्या प्रमुख भोईर मॅडम. मला वाईट वाटलं नाही. हे खरंच सांगतो, कारण पुढे जे केलं ते मत्सरानं केलं असतं तर निदान समजण्यासारखं तरी झालं असतं.

उद्घाटनाच्या दहा दिवस आधी बिल्डरचा एक तज्ज्ञ आमचा प्रोग्राम बघायला येणार होता. साहेबांनी मला सांगितलं, एकदा नजर फिरवा, जरा नीटनेटकं करा. मी नजर फिरवली. सगळं उत्तम होतं, पण मधोमध, दोन ओळींच्या डोक्यावर, कुंदाबाईंनी इंग्रजी अक्षरांत एक टीप लिहून ठेवली होती. ‘आदी डबा टांग, मंग पानी बग.’

मला लाज वाटली. बाहेरचा माणूस येणार, गळ्यात टाय, आणि तो आमच्या प्रोग्राममध्ये डबा वाचणार! मी ती टीप पेन्सिलीनं छापील कागदावर खोडली, मग मशीनमधून पुसली आणि तिच्या जागी इंग्रजीत एक चकचकीत वाक्य घातलं. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खालच्या दोन ओळी माझ्या डोळ्यांत खुपल्या. पहिली ओळ पुन्हा हाक मागून ठेवायची, दुसरी रांग रिकामी करायची. आमच्या घरात असं चालत नाही. आमच्याकडे हातातलं ताट घासून पालथं घातल्याशिवाय दुसरं ताट मांडत नाहीत. मी मनात म्हटलं, आधी हातातलं उरकावं, मग पुढची हाक मागावी. मी दोन ओळींची अदलाबदल केली. चटणीचा डाग बघून झाला होता, अर्धा डोसा गमावून झाला होता, आणि तरी मी ती अदलाबदल केली. रुमालाची घडी घालावी तितक्या सहज. कुंदाबाईंना सांगायचं राहूनच गेलं. आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवायची शिस्त तेव्हा आमच्याकडे नव्हती.

आठ दिवस चाचणी झाली. काही बिघडलं नाही. कारण रांग रिकामी होणं आणि हाक मागून ठेवणं यांच्यातली फट डोळ्याच्या पापणीपेक्षाही बारीक. निरोप नेमका त्या फटीत पडायला हवा; मग ‘भरली’ हा निरोप रांगेत नुसता बसून राहतो, हाक जात नाही आणि पंप चालूच राहतो. आठ दिवस पडला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी पडला.

क्लबहाऊससमोर मांडव होता. क्लबहाऊसच्या गच्चीवर एक टाकी होती आणि तिच्या बरोबर खाली व्यासपीठ. गावातली सगळी मंडळी आली होती, ब्रास बँड होता, कुंदाबाईंच्या चार आत्या पहिल्या रांगेत नऊवारी नेसून बसल्या होत्या. साहेबांनी नवा सफारी शिवला होता. संकुलाचे अध्यक्ष माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “या यंत्रणेमुळे आपल्या संकुलात पाण्याचा एक थेंबही...”

एक थेंब त्यांच्या कागदावर पडला.

त्यांनी वर बघितलं. वरून टाकीचं पाणी पडद्यासारखं खाली आलं. पेढ्यांची परात तरंगू लागली. अध्यक्षांच्या गळ्यातला हार पाण्यानं इतका जड झाला की ते वाकले, आणि लोकांना वाटलं नमस्कार करतायत म्हणून टाळ्या वाजल्या. बँडवाल्यांना थांबायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते वाजवत राहिले. तुताऱ्यांतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. थोरली आत्या उठली, पदर खोचला आणि थेट धारेखाली जाऊन नाचायला लागली. मग बाकीच्या तिघीही. “कुंदे, तुझा पानी लई थंड हाय गो!”

मी हसत होतो. खरंच सांगतो, माझ्या आयुष्यात मी एवढा कधी हसलो नाही. कुंदाबाईसुद्धा हसत होत्या, पंपाच्या खोलीकडे धावता धावता हसत होत्या. पंप बंद करून, नखशिखान्त भिजून त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, “सर, डबा कसा काय पडला नाय?”

तेव्हा माझं हसू गेलं. मला कळलं होतं.

संध्याकाळी ऑफिसात बैठक झाली. मी आधी जाऊन फाईल उघडली, त्या दोन ओळी बघितल्या आणि परत होत्या तशा केल्या. साहेबांनी विचारलं, काय सापडलं? मी म्हणालो, “दोन ओळी उलट पडल्या होत्या. सरळ केल्या.”

फाईलच्या डोक्यावर नाव कुंदा भोईर यांचं होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“मी उलट लिहिल्या?” त्यांनी विचारलं. चिडून नाही. खरोखरच माहिती हवी म्हणून.

मी चहाचा घोट घेतला. तो घोट मी गेली तेरा वर्षं गिळतो आहे.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. साहेबांनी थांबवून बघितलं, पण त्या म्हणाल्या, “बाबांचा एकच कायदा होता, तोच माझ्या हातून उलटा झाला. आता मी काय राखू?” जाताना डबा घेऊन गेल्या. विभागप्रमुख मी झालो. गावात त्यांना ‘टाकीवाली’ हे नाव पडलं ते कायमचं. लग्नाच्या मांडवात त्या शिरल्या की कोणीतरी छत्री उघडायचंच. हे मला वसंतरावांनी एकदा बाजारात सांगितलं, हसतच. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आलो.

तेरा वर्षं अशीच गेली असती आणि मी गेलो असतो. पण माझी मुलगी मुग्धा डोंबिवलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली आणि जेवताना हसून हसून तिला ठसका लागला. त्यांच्याकडे एक पाहुण्या शिक्षिका येतात, म्हणाली, कमाल बाई आहेत. पहिल्याच तासाला पत्र्याचा डबा पाडतात, शेवटच्या बाकावर झोपलेली मुलं उभी राहतात. मग स्वतःची फजिती सांगतात, दोन ओळी उलट लिहिल्या आणि अख्खं उद्घाटन धुऊन काढलं. बँडच्या तुतारीतले बुडबुडेसुद्धा तोंडानं काढून दाखवतात.

“बाबा, मुलं लोळतात हसून. आणि शेवटी त्या म्हणतात, ‘तेव्हापासून माझा माझ्या डब्यावर विश्वास नाही. घरच्या टाकीवर डबा टांगलाय, तरी पंप लावला की मी स्वतः गच्चीवर जाऊन बघते. रोज. दोन-तीनदा.’”

मी हातातली चकली ताटात परत ठेवली. नोकरी गेली, नाव गेलं, हे मला माहीत होतं. पण ज्या बाईनं मला डोळे मिटून डोशाची वाट बघायला शिकवलं, ती रोज तीनदा जिना चढून ‘भरली का, भरली का’ करते आहे, हे मला माहीत नव्हतं. हे मी केलं होतं.

मुग्धाला तिथेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मला काय सांगताय? रिक्षा पकडा.”

तो छापील कागद मी टाकला नव्हता. का टाकला नव्हता ते विचारू नका. पेन्सिलीनं खोडलेली ती टीप, तिच्या खाली त्यांनी लिहिलेल्या क्रमानं त्या दोन ओळी, आणि बाजूला माझ्या हातचे वर-खाली बाण. कागद खिशात घालून बाळकुमला गेलो. टॉवरांच्या मधे त्यांचं दोन मजली घर अजून आहे, दारात मोगरा आहे. कुंदाबाई ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून उठल्या.

“अगो बाय, लिमये सर! वाट चुकलात का?”

वसंतराव बाजारात गेले होते. कधी येतील हे विचारायची त्या घरात पद्धत नाही. त्यांनी पंपाचं बटण दाबलं, चहा ठेवला, आणि म्हणाल्या, “बसा, जरा वर जाऊन टाकी बघून येते.”

“थांबा,” मी म्हणालो. “आधी हे बघा.”

कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बोट ओळींवरून खाली गेलं. खोडलेल्या टिपेवर थांबलं, मग पहिल्या ओळीवर, मग दुसऱ्या ओळीवर. मग बाणांवर.

“डबा आदी हाय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी सरळच लिवलेलं.”

“हो. मी फिरवलं. नीटनेटकं दिसावं म्हणून. आणि बैठकीत गप्प बसलो.”

त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. चहा उतू गेला. वर टाकीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज येत होता.

“तेरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “तेरा वर्षं मी वर चढते, लिमये. गुडघे गेले माझे. नाव ठेवलं गावानं, त्याचं काय नाय, त्याच्यावर मी पन हसले. पन मना वाटलं माझंच डोकं फिरलेलं. बाबांना तोंड दाखवायची लाज वाटायची मना, फोटोला सुदा. आणि तुम्ही नीटनेटकं केलं?”

मी मान खाली घातली. म्हणालो, “काय शिक्षा द्याल ती...”

“नीटनेटकं!” त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. “अरे जल्ला मेला, त्या अध्यक्षाचा हार! तो सगला तुझा पानी होता! आणि आत्या माझ्या नावानं नाचली!” एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला ‘अरे’ म्हणाल्या. मीही हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ते कसलं पाणी होतं ते मी सांगत नाही.

मग डोळे पुसून त्या एकदम ताठ बसल्या. “लिहायचं. तुझ्या नावानिशी लिहायचं. गावात, ऑफिसात, कॉलेजात, सगळीकडं कळायला पायजे. आणि परत नीटनेटकं केलंस तर मीच खोडून टाकीन, बघ.”

“लिहितो.”

“झालं का म्हणून मी इचारनार नाय.”

“नका विचारू. झालं की आणून देईन.”

नवा चहा ठेवला गेला. मग माझ्या लक्षात आलं की पंप चालू होऊन बराच वेळ झाला आहे आणि कुंदाबाई उठलेल्या नाहीत. एकदा त्यांची नजर जिन्याकडे गेली. पाय किंचित हलला. मग त्यांनी तो मांडीखाली दुमडून घेतला, कागद मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. डोशाची वाट बघत बसल्या होत्या तशा.

मी श्वास रोखून बसलो.

गच्चीवर डबा पडला. असा पडला की मोगऱ्यावरच्या चिमण्या उडाल्या. कुंदाबाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही. मी पंपाचं बटण बंद करायला उठलो तर त्यांनी माझा हात धरला.

“कुठं चाललास? कायदा काय?”

“अहो, टाकी भरली...”

“कायदा काय, लिमये?”

“आधी डबा.”

“मंग? वर जा. वरच्या खिळ्याला टांगायचा, बाबांनी ठोकले तसेच दोन खिळे हायेत. तू टांग, मंग मी पंप बंद करते. दमानं चढ. पन लई दमानं नको.”

त्र्याहत्तर वर्षांचा मी, चौतीस पायऱ्या. गच्चीवर पोचलो तोवर टाकी काठोकाठ आली होती. डबा खाली घरंगळला होता. तो उचलायला वाकलो आणि टाकीचं पहिलं पाणी माझ्या मानेवर आलं. मग डोक्यावर. चष्म्यावर. शर्टात. खिशातल्या डबल घडीच्या रुमालावर. थंड होतं, आत्या म्हणाली होती तसंच. खिळा दिसत नव्हता आणि मला हसू आवरत नव्हतं.

खालून कुंदाबाईंचा आवाज आला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

“टांगला काऽऽ?”

मी धारेखाली उभा राहून, डब्याची कडी चाचपडत, जोरात ओरडलो, “विचारायचं नाही! झालं की हाक मारीन!”